फ्युजनवर (अणुगर्भ एकमेकांत जोडून ऊर्जा मिळवण्यावर) संशोधन करणारे प्राध्यापक एमआरआयवरही काम कसं करतात?

कारण दोन्हीकडे अतिवाहक चुंबक लागतं. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलं की विजेला रोधच उरत नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या एसएसटी-१ या फ्युजनच्या प्रयोगयंत्रात असं चुंबक तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, भिंतीपासून लांब धरतं. दवाखान्यात ते शरीरातल्या हायड्रोजनचे अणुगर्भ रांगेला लावतं. म्हणून एक विषय जाणणाऱ्याला दुसरा परका नसतो.

आईला खानापूरहून बेळगावात एमआरआयला नेलं, तेव्हा जोडवी साबण लावून काढावी लागली. साधारण १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक) ते चुंबक चोवीस तास चालूच असतं. आतली ठकठक मात्र ग्रेडियंट कॉइलची, म्हणजे चुंबकी क्षेत्र झटपट बदलणाऱ्या वेटोळ्यांची. तिला आई फार घाबरली; घरच्यांना हे आधी जरूर सांगा.