व्हिटमनची कविता : निर्यमक, गद्यकाव्य की मुक्तछंद?

प्रश्न असा आहे : अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या (१८१९–१८९२) कवितेला कुठे 'निर्यमक', कुठे 'गद्यकाव्य', तर कुठे 'मुक्तछंद' म्हटलेले आढळते. यांतले बरोबर कोणते? आणि 'मुक्तछंद' लिहावे की 'मुक्तच्छंद'?

बरोबर शब्द मुक्तछंद, म्हणजे ओळींत मांडलेली पण ठरावीक वृत्ताला न बांधलेली रचना. निर्यमक रचनेत यमक नसले तरी वृत्त असते. मेघदूतात यमकाचे बंधन नाही, पण मंदाक्रांता वृत्ताची १७ अक्षरे आणि त्यांचा लगक्रम (लघु-गुरूंचा क्रम) एका चरणातही सुटत नाही. इंग्रजीत मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' याच जातीचे. गद्यकाव्यात ओळ पाडलेलीच नसते, मजकूर परिच्छेदात चालतो. व्हिटमनचा तर सगळा भर ओळीवर.

ब्रुकलिनमध्ये १८५५ साली त्याने पदरमोड करून 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' काढले तेव्हा त्यात १२ कविता होत्या आणि शीर्षकपानावर कवीचे नाव नव्हते. पुढे मरेपर्यंत तो हाच संग्रह वाढवत राहिला. त्यातली ओळ अक्षरे किंवा आघात मोजून तुटत नाही. अर्थाचा एक तुकडा पुरा झाला की ती थांबते, बहुधा स्वल्पविरामावर, आणि पुढची पुष्कळदा त्याच शब्दाने सुरू होते. ही समांतर रचना इंग्रजी बायबलच्या वळणाची आहे. म्हणून 'मुक्त' म्हणजे बेबंद असे समजणे चूक. फ्रेंच कवी लाफोर्गने १८८६ मध्ये व्हिटमनच्या कविता भाषांतरित केल्या, त्या काळात फ्रेंचमध्ये मुक्तछंद आकार घेत होता. इंग्रजीत 'फ्री व्हर्स' हे नाव रुळले ते मात्र व्हिटमनच्या मृत्यूनंतर.

मराठीत 'मुक्तछंद' या शब्दाशी कवी अनिलांचे नाव जोडलेले आहे ('भग्नमूर्ती', १९४०). त्यांच्या मुक्तछंदाला अक्षरगटांची आणि आघाताची चौकट आहे, व्हिटमनला तेवढीही नाही. तरी आज हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो, त्यामुळे तो इथे चालतो.

'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' (१८६५) वाचून मत बनवू नये. लिंकनच्या हत्येनंतरची ही कविता वृत्तात आणि यमकात आहे, त्याच्या लेखनात ती अपवाद ठरते.

भाषांतर करणाऱ्यांची खरी अडचण व्हिटमनच्या 'आउट ऑफ द क्रेडल एंडलेसली रॉकिंग' या कवितेत कळते. तिचे पहिले वाक्य २२ ओळींचे आहे आणि मुख्य क्रियापद अगदी शेवटी येते. इंग्रजीत हा ताण जाणवतो. मराठीत क्रियापद एरवीही शेवटीच असते, त्यामुळे तो विरतो. शिवाय पहिल्या तीन ओळी 'आउट ऑफ'ने सुरू होतात. मराठीत ते '-तून' होऊन ओळीच्या टोकाला जाते आणि 'पाळण्यातून, कंठातून, मध्यरात्रीतून' असे नको असलेले यमक तयार होते. त्यापेक्षा 'जिथून'सारखा शब्द ओळीच्या आरंभी ठेवून पुनरुक्ती तिथेच राखावी.

आता लेखन. संस्कृतात ह्रस्व स्वरापुढे 'छ' आला की 'च्' येतो, जसे वृक्ष + छाया = वृक्षच्छाया. त्या नियमाने 'मुक्तच्छंद' होतो. मराठीत 'मुक्तछंद' चांगलाच रुळला आहे आणि मी तोच लिहीन. 'मुक्तच्छंद' लिहिणाऱ्याला चूक म्हणू नये, पण एका लेखात दोन्ही नकोत.