जॉर्डनच्या वाळवंटात, वादी रममध्ये, बेदुइन (भटक्या अरबांच्या) तळावर एक रात्र राहायचं आहे. उंटाची सफर किती तासांची घ्यावी?

पहिल्यांदाच बसणार असाल तर एक ते दोन तास पुरे. उंट ताशी चार-पाच किलोमीटरच चालतो. खोगिराला बहुधा रिकीब नसते, त्यामुळे पाय लोंबकळतात आणि मांड्या आतून सोलवटतात. म्हणून लांब, सैल, जाड शिवण नसलेली सुती विजार घाला (जीन्स नको!) आणि खोगिरावर दुमडलेली घोंगडी मागून घ्या.

माणसं पडतात ती बहुतेक चढता-उतरताना. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे तुम्ही एकदम पुढे फेकले जाता. खोगिराची पुढची खुंटी दोन्ही हातांनी धरून मागे रेला. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे झोक पुन्हा पुढेच. तेव्हाही मागेच रेलायचं. लगामाची दोरी मनगटाला गुंडाळू नका.

जेवणात बहुधा 'झर्ब' असतं: वाळूत पुरलेल्या भट्टीत निखाऱ्यांवर भाजलेलं मांस आणि भाज्या. सगळं एकाच जाळीच्या चळतीत शिजतं. शाकाहारी असाल तर भाज्या वेगळ्या शिजवायला आरक्षणाच्या वेळीच सांगा, भट्टी बंद झाल्यावर काही करता येत नाही. कडू कॉफीचा कप उजव्या हाताने घ्या. पुरे झाली की कप हलकेच हलवून परत द्या, नाहीतर यजमान ओततच राहील.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो. थर्मल आणि लोकरी टोपी हवीच.