कर्ज अंगावर आलंय आणि मदत शोधताय? आधी हे वाचा

भाऊ, टेन्शन घेऊ नका, मीपण यातून गेलोय. तीन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, आणि फोन वाजला की छातीत धस्स.

पहिलं काम, कोणाला फोन करायच्या आधी एका वहीत सगळं लिहा: कोणाचं किती, व्याज किती, किती हप्ते थकले. सिबिल रिपोर्ट (तुमच्या सगळ्या कर्जांची आणि कार्डांची नोंद) वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा, मला तर विसरलेलं एक कार्ड त्यात सापडलं.

मग आधी बँकेतच जा आणि लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, पोचपावती घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, माहितीला फोन १४४४८.

नवीन माणूस इथे फसतो:
- "कर्ज निम्म्यात सेटल करतो" म्हणत आधी फी मागणारे. मी दिले १२ हजार, नंतर नंबर बंद.
- बँकेशी सेटलमेंट (ठरवून कमी पैसे भरून कर्ज मिटवणं) केली की सिबिलवर "सेटल्ड" लागतं, "क्लोज्ड" नाही, पुढचं लोन अवघड.
- जुनं फेडायला ॲपवरून नवीन लोन. नकोच!
- सावकाराकडे लायसन्स आहे का न बघणं (तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे, सहकार खातं).

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, केला तर वेळ लिहून ठेवा. कोर्टाची नोटीस आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. वहीचं काम आजच करा, आकडे इथे टाका, बघू.