दोनदा लाव

अनेक उत्तम आशीर्वाद.

लघुपटांच्या कार्यक्रमातून निम्मे लोक उठून गेले, म्हणून पुढच्या महिन्यापासून फक्त मोठे सिनेमे लावायचं म्हणतेस. नाहीतर प्रत्येक लघुपटाआधी दहा मिनिटांचं भाषण. दोन्ही नको. तोच लघुपट लगेच दुसऱ्यांदा लाव.

कॅनडात अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या नॉर्मन मॅक्लारेनचा १९५५ चा ‘ब्लिंकिटी ब्लँक’ घे. काळ्या फिल्मवर थेट ओरखडून काढलेली चित्रं आणि मधल्या कितीतरी चौकटी कोऱ्या. रिकामी जागा डोळा आपण होऊन भरतो. पाचेक मिनिटांत खेळ खलास; पहिल्या खेपेला माणूस नुसता दचकतो. दुसऱ्या खेपेला पक्षी दिसतात, त्यांची झटापट दिसते. हे तू भाषणात आधीच सांगून टाकलंस, तर त्याच्या डोळ्यांना काम काय उरलं?

डच दिग्दर्शक बर्ट हान्स्त्राचा ‘ग्लास’ (१९५८) पहिल्यांदाच आवडतो. काच फुंकणाऱ्या कारागिरांचे फुगलेले गाल, जॅझ, मग यंत्र; मान तुटलेली एक बाटली अडकते आणि मागून येणाऱ्या धडाधड फुटतात. लोक हसतात, आपल्याला कळला म्हणतात. कळला कसला! दोनदा लाव. दुसऱ्यांदा त्या गालांकडे नीट बघतील.

आणि आपल्या फिल्म्स डिव्हिजनमधला प्रमोद पतींचा ‘एक्सप्लोरर’, १९६८ चा. झपाट्यानं बदलणाऱ्या दृश्यांचा नुसता प्रयोग. सरकारी संस्थेत हे कोणी करू दिलं, याचं मला अजून नवल वाटतं. तो तर दोनदाच.

आमच्या फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीत या दोनदा लावण्यावरून दरवेळी वाजायचं. रीळ उलटं गुंडाळायला वेळ जातो, शेवटची बस चुकते, वर्गणी भरणारे कुरकुरतात. सगळं खरं होतं. तरी मी गुंडाळायचो. सभासद घटले त्याचं खापर माझ्यावर फुटलं. पण जे टिकले ते... जाऊ दे, तुझ्यापुढे कसली सफाई देतोय मी. हळहळ एवढीच, की प्रिंट दुसऱ्या दिवशीच्या रेल्वे पार्सलनं परत जायची, तिसऱ्यांदा बघणं राहून जायचं. तुझ्याकडे फाइल आहे, काही गुंडाळायचं नाही, आणि तू मला वेळ नाही म्हणून सांगतेस?

उठून गेले त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस, हे खरंच सांगतो. पण एका संध्याकाळी नऊ लघुपट कोणी कोंबतं का? चार पुरेत. मध्ये चहा ठेवू नकोस, चहाला गेलेला परतत नाही. नवी यादी रविवारपर्यंत पाठव आणि प्रत्येकापुढची मिनिटं दुप्पट करून लिही.