शेजाऱ्यांच्या वाय-फायला पासवर्ड नसेल, तर ते वापरण्यात गैर काय?

आपण विचारले आहे की, शेजाऱ्यांच्या वाय-फायला पासवर्ड नाही, त्याची रेंज आपल्या खोलीत उत्तम मिळते आणि त्यांचे काही कमी होत नाही. मग ते वापरण्यात गैर काय? माझ्या मते न विचारता वापरणे गैरच आहे, आणि हे मी स्वतः पाच-सहा महिने तसे वापरलेले असून सांगत आहे.

२०११ साली मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. लॅपटॉपवरच्या यादीत एकच नाव कुलपाच्या चिन्हाविना दिसे. त्या काळी ब्रॉडबँडच्या अनेक प्लॅनमध्ये ठरावीक जीबी संपले की वेग महिनाअखेरपर्यंत २५६ केबीपीएसवर येत असे, आणि मी तर रात्र-रात्र चित्रपट उतरवून घेत असे. एका संध्याकाळी डक्टकडच्या खिडकीतून शेजारच्या काकांचा आवाज आला, "बारा तारखेलाच नेट संपतंच कसं? गेम उतरवतोस ना?" त्यांचा नववीतला मुलगा "नाही हो बाबा" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझे डाउनलोड तेव्हा ६४ टक्क्यांवर होते.

लहरी आपल्या घरात येतात, मग शेजारच्या दिव्याचा उजेड खिडकीतून आला तर वाचू नये का, असा युक्तिवाद केला जातो. परंतु उजेडात वाचताना आपल्याकडून त्या दिव्याकडे परत काहीच जात नाही. वाय-फायमध्ये आपण त्यांच्या राउटरला विनंती पाठवतो, ती त्यांच्या लाइनवरून बाहेर जाते, आणि घरातली सगळी उपकरणे बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्याने (म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीची ओळख असलेल्या क्रमांकाने) दिसत असल्यामुळे आपण जे काही करतो ते त्यांच्या नावावर जमा होते. मला हा मुद्दा डेटाच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. आता बहुतेकांकडे अमर्याद प्लॅन असले, तरी नाव त्यांचेच राहते.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचले. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते, आणि मेल पाठवणाऱ्यांनी तेच वापरले होते. आपण असे काही करणार नाही, हे मी गृहीत धरतो. पण आपल्या वापराचा जाब दुसऱ्याने द्यायचा, ही रचना तीच आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना नेटवर्कमध्ये प्रवेश करणे हे भरपाई द्यावी लागणारे कृत्य मानले आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पासवर्ड नसणे म्हणजेच परवानगी, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. रेल्वे स्थानकावरचे मोफत वाय-फाय निराळे, कारण ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच लावलेले असते.

फोन आपोआप जोडला गेला, तर त्याचा दोष आपल्याला देता येणार नाही. कळल्यावर मात्र तो तोडावा. परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची घटका असेल आणि शेजारी घरी नसतील, तर मी वापरेन आणि ते आल्यावर सांगेन. एरवी आपल्याकडे विरजण संपले की शेजारी वाटी घेऊन जातात आणि कोणी नाही म्हणत नाही. पण दार उघडे दिसले म्हणून कोणी परस्पर त्यांच्या ओट्यावरून दही उचलून आणत नाही.

मी दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो आणि "तुमच्या वाय-फायला पासवर्ड नाही, कोणीही वापरू शकेल," एवढेच म्हणालो. त्यांनी चहा दिला, माझ्याकडूनच पासवर्ड लावून घेतला आणि "तुला लागलं तर वापर हो," असेही सांगितले. मुलगा तिथेच बसून गृहपाठ करत होता. त्याच्यासमोर खरे सांगायचे धैर्य मला झाले नाही.