२०१६ ची फियाटची अबार्थ पुंतो सेकंड हँड घेतोय, ४२,००० किमी झालीये. मेंटेनन्सचं नियोजन कसं करू, किती पैसे बाजूला ठेवू? आणि रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करावा का?

४२,००० चं कौतुक विकणाऱ्याला करू द्या. तुम्ही २०१६ कडे बघा आणि टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा इंजिनातला रबरी पट्टा) बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चाला. "बदललाय हो, आमच्या मिस्त्रीला विचारा" हे बिल नव्हे.

एवढ्या तावातावानं लिहायचं कारण असं की हीच गाडी माझ्याकडे आहे. २०१६ चीच, पांढरी. २०२१ मध्ये नाशिकच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा २९,००० झाली होती. रांजणगावात बनलेली १४५ बीएचपीची गाडी, नवी असताना एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत होती, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सर्व्हिसची फाइल जाडजूड होती. ती मी घरी येऊन नीट वाचली (घेण्याआधी वाचायची असते) तर ऑइल, फिल्टर, वॉशिंग, पुन्हा ऑइल. बेल्टचा उल्लेख कुठेच नाही.

मी बेल्टचं किट मागवायच्या बेतात होतो. तेवढ्यात दादा आला.

माझा दादा चिंचवडला असतो आणि गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं आहे. म्हणाला, "एकोणतीस हजारांवर बेल्ट? वेडा आहेस का? चालत्या गाडीला हात लावू नये. बाबांनी पद्मिनी वीस वर्षं चालवली, एकदा बेल्ट बदलला, तोही तुटल्यावर." मी म्हटलं, दादा, तो फॅनबेल्ट होता, पद्मिनीला टायमिंग चेन असायची. त्यावर "फियाट ती फियाटच" असं म्हणून त्यानं विषय संपवला. आणि मी ऐकलं! सगळं मिळून अठरा हजारांचं काम होतं. त्या पैशात मी आवाज करणारा एअर फिल्टर घेतला.

जुलै २०२२. आम्ही दोन्ही घरं मिळून श्रीवर्धनला निघालो होतो, ताम्हिणीमार्गे. दादा माझ्या शेजारी, वहिनी आणि मुलं मागे, बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीत. ओडोमीटर ३४,००० च्या आसपास. पाऊस धो धो. घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज एकाएकी बंद झाला. ना धमाका, ना धूर. डॅशबोर्डवर लाल दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक दोनतीनदा लागला आणि मग पॅडलही कडक झालं, कारण बंद इंजिनात व्हॅक्युम तयार होत नाही. दोन्ही पायांनी दाबून, हँडब्रेक ओढत गाडी एका धबधब्याच्या अलीकडे उभी केली. मागून वहिनी म्हणाल्या, "पेट्रोल संपलं का?"

पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर भर्रकन फिरला, एरवीपेक्षा जास्त मोकळा. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. त्या वळणावर मोबाइलला रेंज नव्हती. दुसरी गाडी बायकामुलांना घेऊन पुढे गेली. मी आणि दादा मक्याची कणसं खात चार तास टोवाल्याची वाट बघत बसलो. त्या चार तासांत दादानं एक सिद्धांत मांडला: "तू गाडी मारतोस म्हणून झालं."

भोसरीत इंजिन उघडलं. बेल्ट तुटला नव्हता, त्याचे नऊ दात सलग सोलून निघाले होते. या टी-जेट, म्हणजे फियाटच्या टर्बो पेट्रोल इंजिनात बेल्टनं दगा दिला की पिस्टन उघड्या वॉल्व्हवर जाऊन आपटतात. सोळापैकी अकरा वॉल्व्ह वाकलेले. वॉल्व्ह बसतात ते हेड लेथवर गेलं, वॉल्व्हसाठी पाच आठवडे थांबलो, कारण तोवर फियाटनं इथे कार विकणं बंद केलेलं होतं आणि पार्ट शोधून आणावा लागत होता. एकूण एक लाख बारा हजार.

तो बेल्ट मी जपून ठेवलाय. पाठीमागून वाकवला की केसासारख्या बारीक भेगा उघडतात, अगदी टोकापर्यंत, एकीला जोडून दुसरी. गाडी मारल्यानं रबराला अशा भेगा पडत नाहीत, वयानं पडतात. बेल्टला मुदत असते ती किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल त्याची, आणि आपल्याकडच्या हौशी लोकांच्या गाड्यांत वर्षंच आधी होतात. रविवारी काढायची, खोपोलीपर्यंत न्यायची, पुसून कव्हर घालायचं. टी-जेटवाल्यांमध्ये पाच वर्षं हा हिशोब चालतो. मीही आता तोच पाळतो. कंपनीचा यात काही दोष नाही, दोष माझा. आणि दादाचा.

तर तुमचं नियोजन. गाडी घरी आली की पहिल्या महिन्यातच बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप एकत्र बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो, पुढे तो गळायला लागला की सगळं परत उघडावं लागतं. मिस्त्रीकडे कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायचं टूल आहे का ते आधी विचारा. "मी व्हाइटनरनं खूण करतो" म्हणाला तर चहा पिऊन निघा. इंजिन ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, वर्षातून एकदा किंवा साडेसात हजारांवर, टर्बो आहे तेव्हा इथे कंजुषी नको. प्लग, फिल्टर, कूलंट तुम्हाला माहीतच असेल.

ब्रेक ऑइल मात्र कुणीच बदलत नाही. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट फोर दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. घाट उतरताना ब्रेक तापले की त्याच्या वाफा होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२१६ म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी तेच टायर असतील तर काढून टाका. शिवाय लोअर आर्म (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा भाग) आणि क्लच तपासून घ्या. पेट्रोलचे रबरी पाइपही बघा, कारण ही गाडी आजच्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली नाही.

पैसे: पहिल्या वर्षाला गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के बाजूला काढा. तेवढे उरत नसतील तर ही गाडी घेऊ नका, स्विफ्ट घ्या. पुढच्या वर्षांचं नक्की सांगता येत नाही, पार्ट मिळण्यावर आहे सगळं. फियाटच्याच लिनिया टी-जेटशी इंजिनाचे बरेच पार्ट जुळतात, तेवढा आधार आहे. रिमॅपचं दोन वर्षांनी बघा.

हो, एक राहिलं. माझी गाडी लॉकडाऊनमध्ये जवळपास वर्षभर उघड्या पार्किंगमध्ये उभी होती, त्यामुळे तुमचा बेल्ट माझ्याइतका वाईट नसेलही. आणि त्या दिवशी घाटाच्या आधीच्या सरळ पट्ट्यात मी गाडी साडेसहा हजार आरपीएमपर्यंत नेली होती. दादानं ते पाहिलं होतं. तरी भेगा आधीच्याच होत्या, तो बेल्ट हातात घेऊन बघायला तयार नाही याला मी काय करू.

गाडी पुण्याच्या आसपास असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. लॉकिंग टूल मी विकत घेतलंय, दोन दिवसांत परत करायच्या बोलीवर देईन.