प्रसार भारतीचं नेतृत्व हाती आलं तर सर्वांत आधी काय करायला हवं?

तुम्ही विचारलंय, यूट्यूब आणि ओटीटीच्या काळात आकाशवाणी-दूरदर्शन बळकट करायचं असेल तर ती चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या प्रमुखाने आधी कशाकडे लक्ष द्यावं, आणि मुळात आता आकाशवाणी-दूरदर्शनची गरज उरली आहे का. मी काही वर्षं कोकणातल्या आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक, म्हणजे कायम नोकरीत नसलेला, निवेदक होतो. त्या खुर्चीत बसून जे कळलं त्यावरून सांगतो: जिल्ह्याच्या केंद्रात माणसं भरा आणि त्यांना निर्णय घेऊ द्या. ॲप, नवी वाहिनी, नवा लोगो हे सगळं त्यानंतर.

गरजेचं आधी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी दापोली तालुक्यात गावी होतो. दुपारच्या आत कौलं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाईलचं नेटवर्क गेलं. शेजारच्या काकांकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. एरवी तो गोठ्यात खुंटीला टांगलेला असायचा, धार काढताना ऐकायला. त्या दिवसांत तो ओटीवर आला. काका कानाशी धरून काटा हळूहळू फिरवायचे, खरखरीतून आवाज सापडला की डावा हात वर करायचे, आणि सगळे गप्प. मंडणगडचा रस्ता मोकळा झाला का, रॉकेल कुठे मिळेल, मुंबईतल्या मुलाला निरोप कसा पोचवायचा, एवढंच लोकांना हवं होतं. घराघरात स्मार्टफोन होते. सगळे मेलेले.

असल्या प्रश्नांची उत्तरं दिल्लीत बसून देता येत नाहीत, मुंबईत बसूनही नाही. त्यासाठी तहसीलदाराला नावाने ओळखणारा, एसटीच्या डेपोत फोन लावला की आवाजावरून ओळखला जाणारा माणूस केंद्रावर लागतो. खासगी एफएमवाले हे काम करतील असं वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: आपल्याकडे त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा सहक्षेपित करता येतात, म्हणजे तिकडून घेऊन त्याच वेळी ऐकवता येतात. म्हणजे जिल्ह्याची बातमी रेडिओवर यायची तर ती आकाशवाणीकडूनच येणार. तिथला बातमीदार गेला की ती जागा दुसरं कुणीही भरत नाही. जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम दुसरीकडे हलवायचं ठरलं, तेव्हा लोक खवळले ते याचसाठी. निर्णय थांबला, हे फार बरं झालं.

आता पैसा कुठे जातो ते बघा. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली. ट्रान्समीटर, एफएमचा विस्तार, स्टुडिओ, हे सगळं लागतंच, माझी तक्रार नाही. पण कार्यक्रम अधिकाऱ्यांची नियमित भरती वर्षानुवर्षं रखडली आहे. एकेक जण निवृत्त होतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या केंद्राचं सहक्षेपण येतं. मनोरा उंच झाला आणि त्याखाली बोलायला कुणी नाही, तर ऐकणाऱ्याला काय मिळालं? मी प्रमुख असतो तर पहिली सही भरतीच्या फायलीवर केली असती, आणि भरतीत तिथली बोली येणाऱ्याला झुकतं माप दिलं असतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईला रेडिओ आपला वाटला तरच ती फोन उचलून प्रश्न विचारते.

हे नवं काही नाही, आपल्याकडेच होऊन गेलंय. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची श्रोतामंडळं काढली. 5 जिल्हे, 150 गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, गावातले वीसेक जण एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे. दहा आठवड्यांत असे 20 कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, मंडळं नसलेल्या गावांशी तुलना केली, आणि ऐकून चर्चा करणाऱ्यांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. आज ज्याला संवादी माध्यम म्हणून मिरवतात ते पोस्टकार्डाच्या काळात पुण्यात चाललं होतं! आज तेच व्हॉट्सॲपवर करता येईल. शेतकरी कपाशीच्या पानाचा फोटो पाठवेल, कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ संध्याकाळच्या कार्यक्रमात उत्तर देतील, आणि ती सात मिनिटं यूट्यूबवर वेगळी चढवली जातील. त्याला हवा एक हुशार कार्यक्रम अधिकारी आणि दिल्लीची परवानगी न मागता तसं करायची मुभा.

मुभेवरून स्वायत्ततेकडे येतो, कारण त्याशिवाय बाकीचं सगळं पोकळ आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रसार भारतीचा कायदा त्याआधी, 1990 मध्येच संमत झाला होता, तो लागू व्हायला सप्टेंबर 1997 उजाडलं. त्या कायद्यात 22 खासदारांची समिती आणि लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद अशा दोन्ही तरतुदी होत्या. त्या कागदावरच राहिल्या. पगार सरकारी अनुदानातून येतो तोवर बातमीच्या टेबलावर बसणाऱ्याच्या मनात धाकधूक राहणार, ती कुठल्याही पक्षाच्या राजवटीत राहते. म्हणून प्रमुखाने ही परिषद मागून घ्यावी, आणि निधी काही वर्षांसाठी एकदम मंजूर व्हावा असा आग्रह धरावा. त्याने मंत्रालयाशी वाद होईल. होऊ दे, खुर्ची त्यासाठीच आहे.

तंत्राबद्दल एकच सांगतो, कारण ते आमच्या भागाच्या जिवाशी येतं. मीडियम वेव्हचे जुने ट्रान्समीटर महागडे आहेत, वीज खातात, म्हणून ते बंद करून एफएमवर जायचं चाललं आहे. हिशोबाला ते बरोबर दिसतं. पण एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की अडते. सह्याद्रीच्या कुशीतल्या दरीत एफएम लागत नाही तिथे मीडियम वेव्ह लागतो. ट्रान्समीटर बंद करण्याआधी कुणीतरी ट्रान्झिस्टर घेऊन पोलादपूर, खेड, चिपळूणच्या आतल्या वाड्यांतून फिरावं आणि मग सही करावी.

दूरदर्शनचं काम मी आतून पाहिलेलं नाही, त्यामुळे इतकंच म्हणेन की छतावरच्या डिशवर महिन्याचं भाडं न घेता वाहिन्या दाखवणारी फ्री डिश हा त्यांचा सर्वांत मोठा ठेवा आहे. तिच्यावर खासगी वाहिन्यांना दिल्या जाणाऱ्या जागांच्या लिलावातून येणारा पैसा प्रादेशिक केंद्रांच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवावा.

आणि प्रमुखाने पहिल्या महिन्यात एक रात्र एखाद्या लहान केंद्राच्या ड्यूटी रूममध्ये काढावी. शेवटची सभा, म्हणजे दिवसाचं शेवटचं प्रसारण, संपायच्या सुमारास फोन येतात. कुणी उद्या पाऊस आहे का विचारतं, कुणी मघाचं गाणं पुन्हा लावा म्हणतं, आणि एक आजी नुसतं, "बाळा, आज आवाज बसलाय तुझा, गरम पाणी पी," एवढं सांगून फोन ठेवतात.